शनिवारचा समजून घेण्याचा तास

माणसांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून आजवर पुष्कळ थोरामोठ्यांनी जिवाचा आटापिटा केला असेल, पण त्या कामात आमच्या परभणीच्या साहेबांनी जेवढा गोंधळ घातला तेवढा अख्ख्या भारतात दुसऱ्या कोणी घातला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. आणि तो गोंधळ इतक्या मनापासून, इतक्या मायेनं घालायचे की धड रागावताही यायचं नाही. रागवायला तोंड उघडावं, तर ते लगेच खुर्ची पुढे ओढून बसत आणि म्हणत, "बोला मॅडम, बोला. मन मोकळं करा. तुम्हाला आत्ता कसं वाटायलंय?" झालं! आपण काय बोलायला आलो होतो तेच आपण विसरायचो. त्यांच्या हाताखाली मी जेमतेम वर्षभर काम केलं.

आधी आमचं रामायण सांगते. आमची कंपनी परदेशी जाणारा माल कंटेनरमध्ये भरून बंदरात पोचवायची. कागदपत्रांचं ऑफिस पनवेलला, दवाखान्यांनी भरलेल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. आणि माल भरायचं गोदाम तिकडे द्रोणागिरीला. कागद आम्ही करायचे, माल त्यांनी भरायचा, आणि दोघांनी मिळून दिवसभर फोनवर भांडायचं, अशी कामाची सुटसुटीत वाटणी होती. कंटेनरला सील लावलं की त्या सीलचा नंबर गोदामानं आम्हाला कळवायचा, तो आल्याशिवाय आमचं पान हलत नसे. गोदामाचे सुपरवायझर होते घरत. मी विचारायची, "घरत, नंबर द्या." तिकडून उत्तर, "मॅडम, गाडी नाय लागली अजून. नंबर काय माज्या खिशातून काढून देऊ?" "मग गाडी का नाही लागली?" "तुमचा कागद नाय आला म्हनून." "अहो, नंबराशिवाय कागद कसा करू?" "ते तुमी बगा, तुमी शिकलेली मानसं." हे कित्येक वर्षं चाललेलं. एवढी वर्षं भांडून मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं. आवाजावरून मी एक धिप्पाड, मिशाळ, पानाचा तोबरा भरलेला गृहस्थ मनाशी नक्की केला होता, आणि रोज सकाळी त्याच्याशी भांडायला ताजीतवानी होऊन यायची.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला मुंबईच्या हेड ऑफिसला या भांडणाचा कंटाळा आला आणि त्यांनी परभणीच्या साहेबांना आमच्यावर सोडलं. बुटके, गोल चेहऱ्याचे, कपाळावर कायम आठ्या. पण रागाच्या नव्हेत, काहीतरी न कळल्याच्या. गळ्यात शिट्टी. हातात एक मोठी कापडी पिशवी आणि तिच्यात दोरी, फुगे, रंगीत खडू, डोळ्यांवर बांधायची फडकी. पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून त्यांनी जे भाषण केलं तसं भाषण कुठल्याही साहेबानं आजवर केलं नसेल. म्हणाले, "खोटं कामून बोलू? दिवाळीपर्यंत ऑफिस आणि गोदाम एकमेकांना समजून घ्यायला लागलं, तर मला इथं कायम करणारेत. मग मी बायको-मुलीला परभणीहून आणणार. मुलीसाठी शाळा बघून ठेवलीय, खांदा कॉलनीत घर घेतलंय भाड्यानं. तुम्ही नाही समजून घेतलं, तर मला उचलून कुठंतरी टाकतील. आता सगळं तुमच्या हातात आहे बघा." साहेब म्हटला की तो आपल्या नोकरीची भीती घालणार, अशी आम्हाला सवय. हा गृहस्थ स्वतःचीच घालत होता. त्याला टाळ्या वाजवायच्या की धीर द्यायचा, कोणाला काही कळेना. शेवटी आमच्या अकाउंट्सच्या सोमणांनी त्यांना पाणी आणून दिलं.

त्या दिवसापासून दर शनिवारी दुपारी चहानंतर 'समजून घेण्याचा तास' सुरू झाला. साहेब हे खेळ इंटरनेटवरून काढत, आणि ते इंग्रजीतून आमच्यापर्यंत येता येता वाटेत त्यांचं काहीतरी व्हायचं. पहिल्या शनिवारी त्यांनी सांगितलं, की शेजारी बसणारा माणूस भाजी असता तर कुठली असता, ते प्रत्येकानं सांगायचं, आणि का तेही सांगायचं. मनमोकळेपणानं. सोमण हा अत्यंत सरळ माणूस. त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला भोपळा म्हटलं. त्यांच्या मते ती स्तुती होती. भोपळा गुणी असतो, टिकतो, पचायला हलका. ती मुलगी रडत बाथरूममध्ये गेली ती ऑफिस सुटेपर्यंत बाहेर आली नाही. मग साहेब दाराबाहेर उभं राहून आतल्या मुलीला विचारायला लागले, "ताई, तुम्हाला आत्ता कसं वाटायलंय?" सोमण दुसऱ्या बाजूनं भोपळ्याचे गुण सांगतायत. मधल्या मध्ये फोन वाजतायत. मला स्वतःला शेवग्याची शेंग म्हटलं होतं, आणि त्यात राग मानण्यासारखं काही आहे की नाही याचा विचार करत मी घरी गेले. घरी नवऱ्याला विचारलं, तर तो हसत सुटला. मग मात्र मी राग मानला.

पुढे एकदा डोळे बांधून चालायचा खेळ. एकानं फडकं बांधायचं, दुसऱ्यानं त्याला हाताला धरून न्यायचं, म्हणजे विश्वास वाढतो. सुरुवात साहेबांनी स्वतःपासून केली. सोमणांनी त्यांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं आणि तेवढ्यात सोमणांना बँकेचा फोन आला. सोमण, "एक मिनिट हं साहेब," म्हणून आत गेले आणि सवयीप्रमाणे टेबलाशी बसून कामाला लागले. साहेब भिंतीला हात लावत लावत शेजारच्या दातांच्या दवाखान्यात शिरले आणि मिळेल त्या खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, हा पेशंट सुईला घाबरतो म्हणून डोळे बांधून आलाय. त्यांनी प्रेमानं तोंड उघडायला सांगितलं. साहेबांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी विश्वासानं आ केला. परत आले तेव्हा त्यांचा अर्धा गाल बधिर होता आणि अक्कलदाढ गेलेली होती. तरीही आम्हाला बोबड्या तोंडानं सांगतायत, "बघा, कुठलाही आडपडदा न ठेवता त्या बाईंवर मी विश्वास ठेवला. आणि दाढ खरोखरच किडलेली निघाली!" सोमण ओशाळे होऊन बर्फ आणायला पळाले.

दोन्हीकडचं काम एकदम बंद ठेवता येत नसे, म्हणून गोदामाचा तास निराळा, मंगळवारी. तिथल्या बातम्या आमच्यापर्यंत ड्रायव्हर लोक आणायचे. तिथं म्हणे साहेबांनी पाठीमागे पडायचा खेळ घेतला. आपण डोळे मिटून मागे पडायचं, सहकाऱ्यांनी झेलायचं. गोदामातली ती दणकट माणसं दिवसभर पोती झेलून थप्पी लावणारी. साहेब डोळे मिटून पडले, त्यांनी अलगद झेललं, आणि हाताच्या सवयीनं दोघांनी उचलून नेऊन तांदळाच्या थप्पीवर नीट ठेवून दिलं. साहेब वरूनच शिट्टी वाजवायला लागले. घरतांनी मला फोनवर विचारलं, "मॅडम, हा मानूस नक्की काय करतो?" इतक्या वर्षांत आमच्या फोनवर सील सोडून दुसरा विषय पहिल्यांदाच निघाला होता. मी म्हटलं, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." "आमाला वाटलं तुमालाच माईत हाय," ते म्हणाले. मग दोघांनीही फोन ठेवला. नंबर घ्यायचा राहिला, तो घेण्यासाठी पुन्हा फोन करून पुन्हा भांडलो.

असं करता करता गणपती आले आणि गेले. दिवाळी जवळ आली, तशा साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या वाढल्या. डब्यात बायकोनं पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीखेरीज काही नसायचं आणि तीही ते सगळ्यांना वाटून मोकळे होत. एकदा मी जरा रागावूनच म्हटलं, "साहेब, स्वतः काय खाणार?" तर म्हणाले, "मुलगी फोनवर रोज विचारते मॅडम, पनवेलची माणसं भांडायची थांबली का? मी म्हणतो, थांबायलीत, थोडंच राहिलंय." अहो, हे ऐकून त्या दिवशी मला घरतांशी नीट भांडताच येईना. शेवटी साहेबांनी ठरवलं, की ऑफिस आणि गोदाम दोघांना एकदम एका जागी आणायचं. मुंबईकडून एका दिवसाची सुट्टी मागून घेऊन त्यांनी पनवेलजवळ कोन गावात आंब्यांची बाग असलेलं एक फार्महाउस दिवसभरासाठी घेतलं. दोरी ओढायची, डोळे बांधायचे, गोल करून बसायचं, सगळा बेत ठरला. मुंबईचे मोठे साहेबही दुपारी बघायला येणार होते. तारीख साहेबांनी फार विचार करून काढली होती. अनंत चतुर्दशी होऊन चारपाच दिवस झाले, सगळ्यांचे गणपती पोचले, कोणाची अडचण नको. आणि ही तारीख काढताना जगाला समजून घेणाऱ्या या माणसानं एकाही माणसाला विचारलं नाही.

सकाळी कोनला पोचलो. ऑफिसची आम्ही सहा-सात टाळकी, स्वयंपाक्याची मोठाली पातेली, आंब्याला बांधलेला दोर, आणि गोदामाचा एकही माणूस नाही. साहेबांनी आल्या आल्या सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत घालायला लावले होते. आज फोनचा उपास, म्हणाले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. साहेब रस्त्यापर्यंत जाऊन येत होते. शेवटी त्यांनी स्वतःचा फोन टोपलीतून काढला आणि घरतांना लावला. स्पीकरवर घरतांचा आवाज आला, मागे टाळ आणि बायकांचा कलकलाट. "साहेब, आज कसा येनार? आज साखरचौथ नाय का! आमचे घरी गनपती हाय."

"आता कुठला गणपती?" साहेब म्हणाले. "विसर्जन झालं की!"

"तो गनपती येगला, हा येगला. आमचेकडं आजचा असतो. गोदामातल्या सगल्यांचे घरी हाय. तुमाला माईत असंल वाटलं."

परभणीच्या माणसाला साखरचौथ कुठून ठाऊक असणार? आमच्या रायगडातल्या गावांचा हा निराळाच गणपती, विसर्जनानंतरच्या संकष्टीला येतो आणि दुसऱ्या दिवशी जातो. आमच्या घरी तो नसतो, त्यामुळे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. साहेबांचा चेहरा पाहवेना. एवढंसं तोंड झालं. ते आंब्याखाली बसले आणि दोर गुंडाळायला लागले. तेवढ्यात घरत फोनवरच म्हणाले, "मग तुमीच या ना सगली इकडं. बसून काय करता तिथं?" साहेब उठले. काय वाटलं त्यांना कोण जाणे, फोन परत टोपलीत टाकला, शिट्टी वाजवली आणि आम्हा सगळ्यांना टेम्पोत घातलं. पातेलीही घेतली. टोपली तेवढी आंब्याखालीच राहिली.

घरतांचं गाव उरणच्या अलीकडे. घरासमोर मांडव, मांडवात माणसंच माणसं. एक किडकिडीत, चष्मा लावलेले, शाळामास्तरासारखे गृहस्थ पुढे आले. मी त्यांना विचारलं, "घरत कुठे आहेत हो?" त्यांनी नाकावरचा चष्मा सारखा केला. "म्हंजे तुमी त्या मॅडम?" म्हणाले. "मला वाटलं कोन तरी म्हातारी बाय असंल, काठी घेऊन!" मी म्हटलं, "आणि तुमच्या मिशा कुठे गेल्या?" आतून घरतांची बायको म्हणाली, "बाय, तुमी रोज फोनवर यांना ओरडता ना? बरा करता. या, बसा, मोदकाला हात लावा." आणि माझ्यासमोर ताट सरकवलं. माझ्या हातचे मोदक बघून तिनं दोन्ही हात जोडले आणि मला नारळ खवायला लावलं. सोमण आराशीची माळ धरून स्टुलावर चढले होते आणि गोदामातली दोन माणसं खालून त्यांना धरून होती. कोणी कोणाचे डोळे बांधलेले नव्हते. रिसेप्शनची मुलगी घरतांच्या सुनेशी मेंदीवरून अशी बोलत होती की जन्मापासून मैत्री असावी. नारळ खवता खवता मला पहिल्यांदाच कळलं, की द्रोणागिरीला पावसात वीज गेली की फोन बंद पडतो, म्हणून नंबर उशिरा येतो. आणि घरतांना कळलं, की बंदरात कागद घ्यायची खिडकी चारला बंद होते, म्हणून मी ओरडते. हे इतकी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला भांडणातून वेळ कुठे होता!

आणि साहेब? ते पिशवी घेऊन मांडवात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. मधेच म्हणायचे, "चला, आता आपण सगळे गोल करून बसू." कोणी ऐकायचं नाही; ज्याच्या त्याच्या हातात काम. घरतांच्या आईनं त्यांना पाटावर बसवून म्हटलं, "बाला, तू दमलास. गप बस जरा." ते गप बसले. संध्याकाळी टेम्पोत मी त्यांच्या शेजारी होते. खिडकीतून खाडीकडे बघत ते म्हणाले, "आज काहीच झालं नाही, मॅडम. एक खेळ झाला नाही." मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मान हलवली, पण मी नुसती समजूत घालतेय, असंच त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन. मोठे साहेब ठरल्याप्रमाणे कोनला येऊन गेले होते; आम्ही सगळेच ते विसरलो होतो. तिथं त्यांना एक माळी दिसला, आंब्याला बांधलेला अर्धा दोर दिसला आणि एक वाजणारी टोपली. माणूस एकही नाही. आमच्या साहेबांना काही विचारण्याच्या आत मोठे साहेब जे बोलले ते आमच्या साहेबांनी आम्हाला सांगितलं नाही, पण आठवड्यानं ते खांदा कॉलनीतल्या घरमालकाला नोटीस द्यायला निघाले, तेव्हा आम्हाला समजलं. मी घरतांना फोन लावला. त्यांनी उचलल्या उचलल्या म्हटलं, "मॅडम, मी गाडी घेऊन येतो. मुंबईला जाऊन सांगू." मी काही बोललेही नव्हते.

गोदामाच्या जीपमधून आम्ही दोघं हेड ऑफिसला गेलो. वाटेत कुठल्या पुलावरून वळायचं यावरून थोडं भांडलो, पण मनापासून नाही. मोठ्या साहेबांसमोर मी साखरचौथ सांगितली, घरतांनी नंबर आता वेळेवर जातात ते सांगितलं. मी विसरले ते त्यांनी सांगितलं, ते अडखळले तिथं मी पुढे झाले. शेवटी मी स्पष्टच म्हटलं, "हे सगळं त्यांच्यामुळे झालंय. त्यांना पनवेलला राहू द्या." मोठे साहेब आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. मग खूश होऊन म्हणाले, "तुम्ही दोघं एका गाडीतून आलात? कमाल आहे! म्हणजे पनवेलचं काम झालं की. तिकडे गुजरातेत आमच्या गांधीधामच्या ऑफिसात लोक एकमेकांचं तोंड बघत नाहीत. हा माणूस तिथंच पाहिजे." मी म्हटलं, "पण तुम्ही कायम करणार होता ना?" "केलं ना! आजच करतो. कंपनीत कायम. पनवेलमध्येच कायम, असं कोण म्हणालं?"

परतीच्या वाटेवर त्याच पुलावरून आम्ही वाशीकडे वळलो, या खेपेला न भांडता. मग घरत म्हणाले, "मॅडम, आपन त्यांच्यासमोर भांडलो असतो तं?" मी म्हटलं, "तर नापास म्हणून पाठवलं असतं." "म्हंजे कसाबी गेलाच असता." "कसाही." जीप चालवता चालवता त्यांनी एकदा कपाळाला हात लावला. मला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा तेच समजेना. एरवी तो घरतांवर काढायची सोय होती.

दिवाळीच्या आधीच साहेब निघाले. दुपारची गाडी होती, पनवेलवरूनच. ऑफिस आणि गोदाम दोन्ही बंद ठेवून आम्ही सगळे स्टेशनवर गेलो, आणि त्यासाठी कोणी कोणाला निरोप धाडला नव्हता. प्लॅटफॉर्मवर एवढी गर्दी बघून साहेबांना वाटलं दुसरंच कोणी मोठं माणूस चाललंय. ते बाजूला होऊन वाट द्यायला लागले. रिसेप्शनची मुलगी रडत होती. सोमण तिला रुमाल देत होते. मी साहेबांना विचारलं, "आता घरची मंडळी गांधीधामला येणार?" ते म्हणाले, "नाही. परभणीहून फार लांब पडतं. मुलगी म्हणाली, बाबा, तिथल्या लोकांचं भांडण मिटलं की पुढचं गाव जवळचं मागा." आणि हसले.

गाडी सुटायची वेळ झाली. साहेब दारात उभे, पिशवी छातीशी धरून. कपाळावर त्या आठ्या. म्हणाले, "मॅडम, घरत, एक विचारू? तुम्ही दोघं खरं सांगणार म्हणून विचारतो. मला काही समजायलंच नाही. मी पास झालो का नापास?"

गाडी हलली. मी घरतांकडे पाहिलं, घरतांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, मला काय म्हणायचं होतं ते त्यांना कळलं. साहेबांना सांगायचं तेवढं राहून गेलं.